शनवारच्या वाती

नाही, नाही, असा नाही वळत व कापूस — मुठीत आवळला का त्याचा गोळा होते, वात नाही होत — सोड, बोटं ढिले सोड. हं. अन् पयले सरकी काढ, एखादी बी आत राह्यली का दिवा तडतडते. पहिलीतले लेकरं हायेत ते, रंजीता, सगळ्यायचे डोळे तुह्या हातावर राहतीन, अन् वात तुटली का आधी हसतीन ते, मंग टीचरकडं पाहतीन. ये, अशी उजेडात सरक. अन् इतकी अवघडून काऊन बसली? मी काही तुही सासू नाही, भिंतीपलीकडची शेजारीण हाये — लोकं म्हणतेत वच्छलाबाईले लई चवकशा, म्हणू दे. काल तुह्याकडं वरणाचं गंज पडलं ना? भिंतीले कान नाही लावत व मी, भिंतच पातळ हाये. अन् राजकुमार काही बोलला नाही, थे बी आयकलं. चांगला हाये तो. नव्या नवरीले वरण सांडायची मुभा पाहिजेच — महिना तरी झाला का तुले या घरात येऊन?

तुमचं मुधोळले किराण्याचं दुकान, तुमी वाती पाकिटातल्या पाहेल. आमच्या या बेला गावाकडं तसं नाही. हा कापूस पयल्या वेचणीचा — शेतात दहीभाताचा निवद दाखवला, अन् पयले ओंजळभर बोंडं वेगळे काढून ठेवले. दिवाळीचा पयला दिवा त्याचाच लागते. दरवर्षी मी घरासाठी ठेवत जाओ, यंदा म्हटलं शाळेसाठी ठेवू — घे, बोटाले राख लाव चिमूटभर. राखेनं वात सुटत नाही. हं, आता टोकाशी पीळ दे.

आता शाळेचं आयक नीट. इकडं तेलंगणात शाळा तेलुगूतली अन् आपलं घर मराठीतलं — सुरुवातीले राजकुमारची ही पोरगी, मैत्री, वर्गात तोंडच उघडे नाही. कोपऱ्यात बसे, घरी येऊन माह्या पदरात तोंड खुपसे. टीचर दर सोमवारी फोनवर बोलून पाठवते, या हप्त्यात काय शिकवणार, काय आणायचं — मी चौथी शिकेल बाई, तेलुगू म्हणजे बाजारात भाव करण्यापुरतं — तरी थे बोलणं मी पुन्हा पुन्हा लावून आयके. मंग आमी दोघी चुलीपाशी बसून म्हणू — आकु म्हणजे पान, वेरु म्हणजे मूळ, पुव्वु म्हणजे फूल. आमचे हे म्हणत, म्हातारपणी पहिलीत नाव घातलं का? म्हटलं, घातलं, तुमी फी भरा.

सध्या झाडच शिकवून राह्यले. कागदाच्या पेल्यात मूग लावायला दिले होते, घरी पाणी घाला म्हणे. सगळ्यायचे उगवले, आपल्या पोरीचे नाही उगवले. कशाचे उगवतीन — दिसातून चारदा माती उकरून पाहे, मले विचारे, आलं का मोठीमाय, आलं का! रडून रडून झोपली. मंग म्या काय केलं — मोड आलेले मूग घेतले अन् सकाळी ती उठायच्या आधी मातीत बसवले. तिले नको सांगू व हे. तिनं तो पेला छातीशी धरून नेला, ऑटोत कोणाले धक्का लावू देल्ला नाही.

तं उद्या शुक्रवार — उद्या पणत्या रंगवणार हायेत, जुना झगा घालून पाठव, नव्यावर सांडवते ती. शनवारी आईचा तास. दर शनवारी एका लेकराची आई वर्गात जाते, हातचं काही करून दाखवते. एकीनं झेंडूचा हार करून दाखवला, एकीनं रांगोळी, देवानंदच्या आईनं तं दोरी वळली अन् पोट्टे दिवसभर उड्या मारत होते. अन् सोमवारी शाळेच्या ओट्यावर त्याच पणत्या लावतीन, शनवारच्या वाती घालून. समजलं? तुह्या हातच्या वाती. म्हणून म्हणते पीळ नीट दे.

तू काय करायचं — बोंड हातात धरायचं अन् म्हणायचं, 'इदी पत्ती'. हा कापूस. म्हण. — जोरानं म्हण व, मागच्या लेकरापर्यंत गेलं पाहिजे. मंग सरकी काढून तळहातावर दाखवायची — 'गिंजलु', बिया. अन् वात झाली का — 'वत्ती'. बास. तीनच गोष्टी. अन् मधात थांबायचं, लेकरायले म्हणू द्यायचं, घाई नाही करायची. मले तं आठ दिवस लागले पाठ करायले, भाकर थापता थापता म्हणू — म्हणजे — असंच. शिकून ठेवलं तं काय वाईट हाये.

काय पाहून राह्यली? कपाळावरचं? डाग हाये व तो. केसायले काळं लावलं परवा, थे उतरलं कपाळावर. दिवाळी हाये ना. सहज लावलं. — हसू नको. बरं, हास. मागं शाळेत बोलावलं होतं तवा मी गेलती, तं पोरी मैत्रीले म्हणत, तुही आई म्हातारी हाये. मैत्री म्हणे, आई नाही थे, मोठीमाय हाये. खरं तेच बोललं लेकरू. त्यात काय खोटं हाये? पण मले वाटलं, या बारीनं तिले कोणी काही बोलाय नको, म्हणून जरा — जाऊ दे. तू कापूस पिंज.

नाही, नाही, मी कशाले येऊ? गुडघे, बाई. गुडघ्यानं जीव घेतला. — हो, काल गेलती वेचणीले. हो, दिवसभर वाकून. तुही नजर बी माह्यासारखीच दिसते, सगळं पाहते. मुधोळच्या दुकानात बसून शिकली असशीन.

तसं नाही म्हणायचं, 'तुमीच जा' असं नाही म्हणायचं. आयक. सांगणार नव्हती मी हे. — परवा शाळेतून आली अन् माह्या मांडीवर बसली. दप्तर बी नाही काढलं पाठीवरून. कानात म्हणे, मोठीमाय, शनवारी तू नको येऊ हं. माही आई येणार हाये. — 'आई' म्हणाली, तुले. तुले अजून तोंडावर म्हटलं का तिनं? नाही ना. मले ठाऊक हाये, भिंत पातळ हाये म्हटलं ना. तुले 'अवं' म्हणते, नाही तं नुसती येऊन उभी राहते. पण वर्गात साऱ्यायले सांगून आली — मले आई हाये, तिच्या हातात हिरव्या बांगड्या हायेत, शनवारी पाहजा. मंग माह्या गालावरून हात फिरवला तिनं. म्हणे, तू सोमवारी ये, दिवे पाहाले. समजूत काढून राह्यली माही, एवढीशी पोट्टी.

म्या म्हटलं, बेस झालं माय, माहे गुडघे दुखूनच राह्यले होते.

अन् खरंच बेस झालं. राजकुमारची पयली बायको, सपना, तापात गेली तवा हे लेकरू दाराशी बसून राहे, आई बाजारात गेली म्हणे. म्या आणलं उचलून. तिनं मले कधी आई नाही म्हटलं, म्या म्हणू नाही देल्लं. दोनदा झोपेत म्हटलं, तवा म्या तिले हलवून उठवलं — मोठीमाय म्हण, म्हटलं. तो शब्द सपनाचा होता ना व. म्या तसाच झाकून ठेवला. आता तुह्याजवळ आला तं सांभाळ — अन् तू काऊन रडते? डोळे पुस, वात भिजीन. भिजलेली वात लागत नाही.

आमचे हे म्हणतेत, परायं लेकरू परायंच असते, तुले ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. ठाऊक असून बी रोज तिच्या वाटीत मुरमुरे काढतोच ना हात. हे पाह, आज बी काढले, गूळ टाकून. ऑटोतून उतरली का इकडंच येते पयले, दप्तर या खुंटीले, पाय या पाटावर, अन् मोठीमाय भूक — सवय हाये तिची. आता येईनच. तिच्यासमोर असे डोळे घेऊन बसू नको, नाही तं मलेच विचारीन, तू माह्या आईले रागावली का? — लई चांगली झाली ही वात. हीच ठेव वरती, पयले हीच दाखव. अन् टीचरले तुहा नंबर देऊन दे, सोमवारी बोलणं तुह्या फोनवर येईन. माह्यावर नको. मी आता कशाले आयकत बसू.

आला ऑटो. सरक जरा, दार मोकळं ठेव, धावतच येते ती —

...

गेली व. तिकडं गेली.

आयकलं? 'आई' म्हणून राह्यली. दोनदा म्हटलं.

जा ना, रंजीता. दार बंद हाये तुहं, लेकरू उभं हाये उन्हात. वाती राहू दे, मी बांधून देते. जा लवकर — अन् हे मुरमुरे ने. तिले म्हण, तूच काढले.