घरच्या माणसाचा सत्कार

…आणि वर म्हणत्यात काय, 'घरचा माणूस'! अवो पावणं, घरच्या माणसाला असं वागवत्यात व्हय? आमच्या कृष्णातचं सांगतो तुम्हास्नी. चौदा वर्सं आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा डावा बॅक. गुडघा दोनदा गेला, दात एकदा पडला, पण तालीम सोडली न्हाय गड्यानं! आणि औंदा काय झालं? त्याला 'नको' असं कुणीबी म्हटलं न्हाय! नुसता सरावाचा निरोपच येईना.

आता आमच्याकडं टीममध्ये कोण हाय ते तोंडानं सांगत न्हाईत, चौकातल्या डिजिटल फलकावर बघायचं असतंय! ज्याचा फोटो मोठा, तो खेळणार. कृष्णातचा आधी मधोमध, गोल मारून पळताना… मग कडंला… मग नुसतं मुंडकं… आणि औंदा? सापडंचना! शेवटी दिसला पार खाली, 'शुभेच्छुक' मध्ये, एका डेअरीवाल्याच्या शेजारी. त्योबी कुणाच्या तरी लग्नातला फोटो कापून लावलेला, खांद्यावर दुसऱ्याचाच हात!

गेला तसाच आमच्या अध्यक्षांकडं, बाळासोंकडं.

"ये की, बस! चहा सांगतो."

"मला खेळवायचं न्हाय का औंदा?"

"असं कोण म्हटलं? तू घरचा माणूस!"

"मग नोंदणीत नाव?"

"घरच्या माणसाचं नाव कशाला लिवायचं, लेका?"

"मग दुसऱ्या टीमकडनं खेळतो. ना हरकत पत्र द्या."

झालं! बाळासोंनी कप खाली ठेवला. "शेजारच्या पेठेकडनं? आमच्यावरच गोल मारणार? तू घरचा माणूस न्हवं?"

म्हंजे कसं, वाढायचं न्हाय आणि पंगतीतनं उठूबी द्यायचं न्हाय! बरं, ते पत्र? शिक्का सापडंना, शिक्का सापडला तर सचिव सापडंना, सचिव सापडला तर म्हणतोय, "उद्या ये की!" उद्या-उद्या करत नोंदणीची तारीख गेली. म्हंजे हंगाम गेला की! आणि चौतिशीच्या माणसाला पुढचा हंगाम कुठला? मला लई वाईट वाटलं बघा.

मग काय, सत्कार! पहिल्याच म्याचला. निघताना त्याची बायको, प्रियदर्शनी, म्हणाली, "अवो, सत्काराला फुटबॉलचं बूट कशाला?"

"असूदेत," म्हटला.

फेटा बांधला, शाल, नारळ… आणि बाळासोंचं भाषण, "कृष्णात म्हंजे आमच्या घरचा…" व्हय व्हय, कळलं!

म्याच सुरू झाली. इसाव्या मिनिटाला नवा डावा बॅक, गोव्याहून आणलेला, खालीच बसला. बाळासो प्रेक्षकांकडं बघून वरडले, "कृष्णाऽऽत! पळत ये!"

तुम्हास्नी सांगतो, फेट्यासकट उडी मारली गड्यानं! नारळ माझ्या मांडीवर, शाल पुढच्याच्या डोक्यावर… नोंदणी न्हाय, काय न्हाय, सगळं इसरला! पळतानाच गुडघा झटकतोय, मान मोडतोय… आणि बाळासो म्हणत्यात काय?

"बूट काढ! ह्याचा सोल निघालाय. तुझाबी नऊ नंबरच न्हवं?"

काढले. वर त्या गोव्याच्या गड्याच्या पायात घालून नाड्याबी ह्यानंच बांधल्या. आला परत, अनवाणी, बसला माझ्याशेजारी. मी म्हटलं, "कृष्णात, मनाला लावून घिऊ नगंस."

मैदानावरची नजर काढली न्हाय त्यानं. म्हटला, "न्हाय रं… मला न्हाय, पण माझ्या बुटास्नी तरी घेतलं की टीममध्ये!"