थांबा कोणी सांगायचा

हातखंब्याच्या एसटीत पुढच्या सीटवरची आत्या भाचीची फिरकी घेत होती. मागच्या सीटवरचा गौरव दोघींना ओळखत नव्हता, पण ऐकत होता.

"मृणाली, गेल्या शनिवारी घरी उतरायचं सोडून थेट हातखंब्याला गेलीस म्हणे?"

"कंडक्टरला सांगायचा धीर होईना. चॅटबॉटला विचारत होते, कसं सांगू."

"काय म्हणाला तो?"

"आधी दीर्घ श्वास घे."

"आणि थांबा?"

"तोवर गेला."

"दिवसभर त्याच्याशी बोलतेस गो, मग इथेच काय होतं?"

"त्याला लिहिते, आत्या. तो तोंडाकडे बघत नाही."

"मग कंडक्टरला चिठ्ठी पाठवूया? आलं बघ आपलं वळण. मी आज बोलायची नाही."

"मास्तर... थांबवा."

बस थांबली. दोघी उतरल्या. सांगायचा धीर न झाल्यामुळे दोन थांबे मागे उतरायचा राहिलेला गौरवही त्यांच्यामागून मुकाट उतरला.