दर एकदाच, सगळ्यांसमोर

समारंभाच्या अध्यक्षा, आदरणीय मुख्याध्यापिकाबाई. प्रमुख पाहुणे म्हणून अगत्याने आलेले आमचे ठेकेदारसाहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या सत्कारमूर्ती मावशी. आणि हातातली सुई खाली ठेवून आलेल्या माझ्या मैत्रिणींनो! काही जणींनी ठेवलेली नाही, ते मला इथून दिसतंय. चालू द्या, फक्त शेजारणीला टोचू नका.

मला भाषणाची सवय नाही. मावशी असताना आमच्यावर बोलायची वेळच आली नाही. पण आता त्या लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या. डोळे साथ देत नाहीत. मणी हाताला लागतो, सुईचं नेढं दिसत नाही. आणि नव्या हंगामाचा दर अजून ठरायचा आहे. साहेब कधीपासून "बघू, बघू" म्हणताहेत. का म्हणताहेत, हे काय आम्हाला कळत नाही? मावशी गेल्या की बघू! हसू नका गं, पाहुणे आहेत ते.

नव्या पोरींसाठी थोडं मागचं सांगते. आपण घरात बसून ज्या फ्रॉकच्या गळ्यांना मणी लावतो, ते फ्रॉक समुद्रापलीकडच्या दुकानांत विकले जातात. पूर्वी साहेब गठ्ठे घेऊन दारोदार फिरायचे. माझ्या दारात म्हणायचे, "तुमची जाऊ याहून कमीत करते." जावेच्या दारात माझं नाव! आम्ही दोघी भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या, पण वर्षभर एकमेकींशी धड बोललो नाही. शेवटी मावशींनी आम्हाला जिन्यात समोरासमोर उभं केलं. "कोण कुणाविषयी काय म्हणालं, ते आता माझ्या देखत बोला." बोललो. आणि मग हसावं की रडावं, तेच कळेना.

तेव्हापासून आपली रीत पडली. गठ्ठा कुणी दारात घ्यायचा नाही. साहेबांनी खालच्या खोलीत यायचं आणि दर एकदाच, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगायचा. उत्तर फक्त मावशींनी द्यायचं. बाकीच्यांनी मानसुद्धा हलवायची नाही. आता ही अट कशासाठी? वरच्या मजल्यावरच्या वहिनींसाठी! त्यांना कुणी काहीही म्हटलं की मान डोलवायची सवय. पहिल्याच बैठकीत त्यांनी डोलावली, साहेब म्हणाले, "ठरलं तर मग!" अख्खा हंगाम आम्ही त्या एका मानेवर काढला. तेव्हापासून वहिनी भिंतीकडे तोंड करून बसतात. बघा, आत्ताही डोलावताहेत!

मग साहेबांनी काम नाल्यापलीकडच्या वस्तीत नेलं. आमच्या घरात खायचे वांधे झाले. आम्ही म्हटलं, जाऊन त्यांच्या झिंज्या उपटू. मावशी म्हणाल्या, "त्यांनाही पोरंबाळं आहेत." त्या एकट्याच गेल्या, दिवसभर त्यांच्यात बसून मणी ओवून आल्या. पुढची बैठक दोन्ही वस्त्यांची मिळून झाली.

त्यावर साहेब म्हणाले, "असं कराल तर काम परदेशात जाईल." ते खोटं नव्हतं, जातंच. आम्हाला धडकी भरली. मावशींनी मुख्याध्यापिकाबाईंच्या ओळखीने तिकडच्या मणीकाम करणाऱ्या बायकांचा पत्ता काढला आणि व्हिडिओ कॉल लावला. भाषा कुणाची कुणाला येईना. मावशींनी नुसता फ्रॉक वर धरला. तिकडची बाई आत गेली आणि तस्साच फ्रॉक घेऊन आली. तोच गळा, तेच मणी. मग तिने सुई टोचून टोचून निबर झालेलं आपलं बोट दाखवलं. मावशी ओरडल्या, "अगं बाई, ही तर आपलीच!" पुढे बाईंनी दुभाषी शोधून दिला. आता हंगामाआधी त्यांचा दर आम्हाला कळतो, आमचा त्यांना. सगळं सुरळीत झालंय असं नाही. काम अजून कधी असतं, कधी नसतं. पण एकीच्या नावाने दुसरीला घाबरवणं आता कुणाला जमत नाही.

मावशी, तुम्ही जाताय याचं मला फार वाईट वाटतंय. काल तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "आता तू बोलायचं." म्हणून आज इथे टेबल धरून उभी आहे.

साहेब, आमचं तुमच्याशी वैर नाही. तुमच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं असणारच. तुम्ही आवर्जून आलात, मावशींना फुलं दिलीत, बरं वाटलं. पण दोन्ही वस्त्या इथे हजर आहेत, तेव्हा नव्या हंगामाचा दर आत्ता, इथेच सांगून टाका. पटला तर उद्या गठ्ठे उचलू. नाही पटला, तर 'नाही' मी म्हणेन.

बाईंनी शाळेचं सभागृह दिलं, पलीकडच्या वस्तीने चहाचं सगळं बघितलं, त्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात पाहुण्यांचा मान राखायचा राहून गेला असेल, तर लहान समजून पोटात घाला. आता रीतीप्रमाणे मी खाली बसायला हवं. पण मी उभीच राहते. या साहेब, माईक चालू आहे.