वरात थांबवणारी नवरी

रुसलेला नवरदेव तुम्ही पाहिला असेल, पण भर रस्त्यात वरात थांबवणारी नवरी मी पाहिलीय.

मी तेव्हा तळेघरच्या बाजूला बोअरसाठी जागा शोधत होते. तिथं पावसाळ्यात पाऊस कोसळतो, पण उन्हाळ्यात बायका पाण्यासाठी डोंगर उतरतात. आधीचे बोअर कोरडे गेलेले, आणि बोअरची गाडी संध्याकाळी दुसऱ्या गावाला निघणार होती.

आमची पद्धत साधी. जमिनीत सेन्सर रोवायचे, लोखंडी पत्र्यावर घण घालायचा आणि हादरा खडकातून कसा जातो ते यंत्रावर बघायचं. पाण्यानं भरलेली भेग लागली की हादरा रेंगाळतो. नेमकी तेव्हाच वरात आली. नाचणाऱ्यांच्या पायांनी यंत्रावर नुसत्या रेघोट्या!

मी हात जोडले, तर वरबाप म्हणाला, "मॅडम, वरात कुठं थांबती व्हय?"

जीपमधून नवरी उतरली. "ताई, तुमी काय शोधताय?"

"खडकात पाणी कुठं आहे ते."

ती सासऱ्यांकडे वळली. "मामा, उद्यापासनं हंडा माझ्या डोक्यावर येनार हाय. थांबवा हे!"

अख्खी वरात जागच्या जागी उभी राहिली. आम्ही घण घातला. यंत्रावर स्वच्छ लाट उमटली आणि देवळामागच्या उंबराजवळ एकदम मंदावली. बोअरची गाडी तिथंच लावली.

दिवस कलताना आधी चिखल उडाला, मग पाण्याचा उंच फवारा! नवरी थेट त्याखाली जाऊन उभी राहिली.

सासू ओरडली, "अगं, शालू भिजला की!"

"भिजू द्या, आत्याबाई. पानी आता आपल्या दारात हाय!"