टुना माशानं जमवलेलं लग्न

आमचं लग्न एका माशानं जमवलं, खोटं न्हाई सांगत. नव्वदीतली गोष्ट. मी मासेमारीच्या सर्व्हे जहाजावर नोकरीला होतो अन् तीर्थपुरीला मुलगी पाहायला गेल्तो.

मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काम काय करता?"

"समुद्राच्या पाण्याचं तापमान मोजतो."

"का? समुद्राला ताप येतो का काय?"

सगळी बैठक हसली. मी म्हणलं, "टुना माशाला लई गार पाणी चालत न्हाई, लई गरम बी न्हाई. जिकडं पाणी मानवंल तिकडं त्याचे कळप जातात. पाणी मोजत मोजत आम्ही त्यांच्या मागं."

वडिलांनी पोह्याची ताटली बाजूला सारली. वाटलं, गेलं हे स्थळ.

तेवढ्यात मुलीचे आजोबा, जन्मभर मेंढ्या राखलेले, बोलले, "आरं, आपण मेंढरामागं हिंडलो, हे माशामागं हिंडून राह्यलंय. आपल्यातलंच पोरगं हाय की! साखर वाटा."