पाठ टेकायची खुर्ची

लस टोचल्यावर थोडा वेळ थांबा, असं नर्सने सांगितलं होतं, म्हणून ती बाळाला मांडीवर थोपटत बसली होती. शेजारच्या बाकावर सासूसुना होत्या. सुनेचं पोट नुकतंच दिसू लागलेलं.

“मी म्हणते, बाळंतपण होऊ दे. मग काढ ती गाठ.”

“आई, स्वादुपिंडावर आहे ती. संत्र्याएवढी झालीय. माझ्यासाठी थांबेल होय?”

“साधी आहे म्हणाले ना डॉक्टर?”

“बहुतेक साधी. काढून तपासल्याशिवाय खात्री नाही. आणि दिवस गेल्यापासून भराभर वाढतेय. आत फुटली तर मीही जाईन, बाळही.”

थोपटणारा हात थांबला, तसं मांडीवरचं बाळ कुरकुरलं.

“आणि ऑपरेशनमध्ये बाळाला काही झालं तर?”

“होऊ शकतं. कळा लवकर सुरू होऊ शकतात, ते त्यांनी लपवलं नाही. पण त्यातल्या त्यात पाचवा महिना बरा. पुढे पोट वाढलं की गाठीपर्यंत पोचणं अवघड.”

“तुझ्या उलट्यांना मी डोहाळे म्हणत बसले.”

“मीही तेच म्हणत होते.”

“किती वेळ चालेल?”

“तीन-चार तास.”

आतून सुनेला हाक आली.

“ऊठ. पिशवी दे इकडे. आधी मी बोलणार.”

“पुन्हा थांबा म्हणणार असाल, तर बाहेरच बसा.”

“ते नाही गं. तेवढा वेळ बाहेर बसायला पाठ टेकायची खुर्ची मिळेल का, विचारते. तुझ्या सासऱ्यांच्या वेळी स्टुलावर बसवलं होतं मेल्यांनी.”