न सुटणारा बूट

पक्क्या कामाच्या बढाया मला सांगू नका रे. सातपूरला माझं वर्कशॉप होतं, तेव्हा शेजारचा निखिल कुणा गोऱ्याच्या जुन्या स्की घेऊन आला. बर्फाचा डोंगर चढायचा आणि घसरत उतरायचं, त्यासाठीच्या रुंद, एकदम हलक्या पट्ट्या. म्हणाला, "काका, पडलो की पट्टीवर बूट धरणारा खटका उघडतो, बूट सुटतो."

"आपल्या हातचं काही सुटत नाही," म्हटलं आणि खटक्यात दुप्पट जाड स्प्रिंग बसवून दिली.

गुलमर्गहून आला तो कुबड्यांवर. उजव्या पायाची पँट गुडघ्याखाली रिकामी, दुमडलेली. पडताना पट्टी एकीकडे वळली, पाय दुसरीकडे. पाय वाचावा म्हणूनच तो खटका उघडतो, हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं.

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाला, "काका, काम एक नंबर होतं तुमचं."